ब्रेकर उंच नको, रुंद मागा

‘रस्ता तेथे एसटी’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता त्याच्या जोडीला ‘वस्ती तेथे ब्रेकर’ असेही म्हणावे लागेल. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कोणत्याही आडरस्त्याने निघा. शाळा आली की ब्रेकर, डेअरी आली की ब्रेकर, देवळाची कमान आली की ब्रेकर, आणि कुठे कुठे काहीच नसताना नुसताच ब्रेकर. कुणी डांबराचा केलेला, कुणी काँक्रीटचा, कुणी मुरमाच्या ढिगावर सिमेंटचा हात फिरवलेला. एकाचे माप दुसऱ्याशी जुळत नाही.

यामागची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. रस्ते सुधारले, घरटी गाडी आली, गावातून जाणारा वेग वाढला. शाळेच्या पोराला नाहीतर एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाडीची धडक बसली की गाव रस्त्यावर उतरते. रास्ता रोको होतो. मागणी ठरलेली असते, ‘इथं ब्रेकर पायजे, आन्‌ असा पायजे का गाडी उभीच राहिली पायजे.’

ही मागणी चुकीची आहे असे कुणी म्हणणार नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हा साधा हिशेब आहे. ताशी ६० किलोमीटरने येणाऱ्या गाडीपुढे पोरगं आलं तर ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात फार थोडे उरते. गावातून जाणारा वेग खाली आलाच पाहिजे. प्रश्न आहे तो कसा आणायचा एवढाच. ‘गाडी उभीच राहिली पायजे’ म्हणून आपण ब्रेकरची उंची वाढवतो आणि रुंदीकडे पाहतच नाही. घोटाळा होतो तो इथेच.

बंप वेगळा, हंप वेगळा

आपण सगळ्यालाच ‘स्पीडब्रेकर’ म्हणतो. पण रस्ते बांधणाऱ्यांच्या भाषेत त्यात दोन जाती आहेत. एक बंप आणि दुसरा हंप.

बंप म्हणजे सरी-वरंब्यातला वरंबा आडवा टाकावा तसा. रुंदीला हातभर, फार तर दोन हात. चढ एकदम, उतारही एकदम. गाड्या लावायच्या जागेत, सोसायटीच्या गल्लीत, कारखान्याच्या गेटाशी, जिथे गाडीने माणसाच्या चालीनेच जायचे आहे, तिथे तो चालतो. जाहीर रस्त्यासाठी ती वस्तूच नव्हे.

हंप म्हणजे कासवाच्या पाठीसारखा पसरट उंचवटा. उंची फार तर १० सेंटीमीटर, म्हणजे चार इंच. पण रुंदी तब्बल ३.७ मीटर, म्हणजे बारा फूट. मोटारीची पुढची आणि मागची चाके एकाच वेळी त्याच्या पाठीवर मावतात. गाडी त्यावर हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास गेलात तर आतल्या माणसाला त्रास नाही. त्याहून जोरात गेलात तर गाडी पाठीवरून उडते आणि पुढच्या वेळी ड्रायव्हर आपोआप पाय उचलतो.

आपल्या गावरस्त्यांवर जे दिसतात त्यातले बहुतेक बंप आहेत. सरकारी कागदावर जे लिहिले आहे तो हंप आहे. नाव एक, वस्तू दोन.

जोरात जाणाऱ्याला माफी

आता कुणी म्हणेल, ‘बंप असू द्या नाहीतर हंप, गाडी हळू झाल्याशी मतलब.’ पण गंमत अशी की अरुंद बंप जोरात जाणाऱ्याला फारसा अडवतच नाही.

हे काही चावडीवरचे मत नाही. ब्रिटनच्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने वेगवेगळ्या मापांचे उंचवटे करून त्यावरून वेगवेगळी वाहने वेगवेगळ्या वेगाने नेऊन पाहिली. १९७३ मध्ये त्याचा अहवाल निघाला. त्यातून दिसले ते असे. अरुंद उंचवट्यावर वेग वाढला की आतल्या माणसाला जाणवणारा त्रास वाढत नाही, उलट कमी होतो. रुंद उंचवट्यावर मात्र वेग वाढेल तसा त्रास वाढतो. बारा फूट रुंद आणि चार इंच उंच हे माप त्याच प्रयोगातून पुढे आले. आज जगभर हंपचे मूळ माप म्हणून तेच ओळखले जाते.

याचे कारण समजायला अवघड नाही. हातभर रुंदीचा बंप ताशी ५० च्या वेगाने ओलांडायला चाकाला सेकंदाचा तिसावा-पस्तिसावा भाग पुरतो. तेवढ्यात चाक वर जाऊन खाली येते, स्प्रिंग आणि शॉकअप तो दणका गिळून टाकतात, वरची गाडी आहे तिथेच राहते. बारा फूट रुंदीचा हंप त्याच वेगाने ओलांडायला पाव सेकंदाहून जास्त लागतो. तेवढ्या वेळात सगळी गाडी उचलली जाते आणि आपटते. स्प्रिंगला तो गिळता येत नाही.

म्हणजे मुंबई-पुण्याहून लेण्याद्री-ओझरला निघालेली नवी कोरी मोठी गाडी आपल्या गावच्या बंपवरून ‘धडधड’ करत निघून जाते. हळू जाणारा, जुन्या गाडीचा, बिनस्प्रिंगच्या वाहनाचा माणूस मात्र दणका पुरेपूर खातो. ज्याच्यासाठी ब्रेकर घातला त्याला माफी आणि जो आधीच हळू चालला होता त्याला शिक्षा. असला न्याय कुठल्या पंचायतीने दिला असता तर गावाने तो मानला नसता.

मार कुणाला बसतो

आपल्या दोन तालुक्यांतल्या रस्त्यांवर काय चालते ते पाहा. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि दत्तात्रयनगरचा भीमाशंकर, हे दोन्ही साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीला स्प्रिंग नाही. बंप आला की आधी पुढची चाके, मग मागची मोठी चाके, मग पहिली ट्रॉली, मग दुसरी, असे एकामागून एक दणके बसतात. जोडाच्या पिनेवर ओढ येते, मोळ्या सरकतात, ऊस रस्त्यावर पडतो. त्या उसावरून मागची मोटारसायकल घसरते. बैलगाडीचे तर बोलायलाच नको. टायरगाडीत ऊस भरून बैल वरंब्यावर चढवताना गाडीवानाला खाली उतरून जोर लावावा लागतो.

टोमॅटोच्या दिवसांत नारायणगावच्या मार्केटकडे जाणारे पिकअप आणि टेंपो पाहा. क्रेटवर क्रेट रचलेले. खालच्या क्रेटमधल्या मालाला प्रत्येक दणक्याचे डाग पडतात. द्राक्षाचे तेच. शेतकऱ्याने औषधपाण्यावर खर्च केला, मजुरी दिली, माल निवडून भरला आणि शेवटच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये त्याची प्रत उतरली. ते नुकसान कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

सगळ्यांत जास्त धोका मोटारसायकलवाल्याला. पुढचे चाक बंपवर चढून उतरेपर्यंत मागचे चढते आणि मागे बसलेल्याला उचलून फेकते. आपल्याकडे बायाबापड्या मागे एका बाजूला पाय सोडून बसतात, एका हातात पिशवी, मांडीवर लेकरू. न रंगवलेला बंप रात्री दिसला नाही की काय होते, हे गावोगावच्या लोकांना सांगायला नको.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१५ या एका वर्षात देशात ब्रेकरच्या ठिकाणी ११,०८४ अपघात झाले आणि ३,४०९ माणसे मेली. म्हणजे दिवसाला ३० अपघात आणि ९ मृत्यू. जीव वाचवायला घातलेल्या वस्तूने एवढे जीव घेतले.

आजारी माणसाचे तर वेगळेच. जानेवारी २०२५ मध्ये कोल्हापूरकडची एक बातमी फार गाजली. मेले म्हणून घरी आणल्या जाणाऱ्या एका वारकरी आजोबांच्या बोटांची हालचाल ब्रेकरच्या दणक्यानंतर दिसली आणि पुढे ते चालत घरी आले, असे घरच्यांनी सांगितले. लोक हसले, ब्रेकरला हात जोडले. पण त्याच दणक्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनी छापले की ब्रेकरवरून दवाखान्यात आलेल्या रुग्णांपैकी ज्या ३४ जणांना अपेंडिक्स सुजल्याचे नक्की झाले, त्यातल्या ३३ जणांना ब्रेकरवर पोटात कळ आली होती. आहुपे-तेरुंगणकडून घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा पुढे मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात निघालेल्या बाळंतिणीला, हाड मोडलेल्या मजुराला प्रत्येक बंप काय करत असेल, याचा अंदाज करावा. १०८ च्या ड्रायव्हरने बंपवर गाडी जवळजवळ उभी केली तर वेळ जातो, नाही केली तर आतला माणूस ओरडतो.

सरकारी माप काय सांगते

ब्रेकर कसा असावा हे ठरवणारा कागद नवीन नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९८८ मध्ये त्याची मार्गदर्शिका काढली, क्रमांक ९९. २०१८ मध्ये ती सुधारून शहरी आणि ग्रामीण भागातला वेग आवरण्याच्या इतर उपायांचाही त्यात समावेश केला. ग्रामसेवक, सरपंच, उपअभियंता सगळ्यांनी ध्यानात ठेवावे असे १९८८ पासूनचे मुख्य मुद्दे असे आहेत.

पहिला, ब्रेकर लहान रस्त्यांसाठी आहे, मोठ्या रस्त्यांसाठी नाही. लहान रस्ता मोठ्याला मिळतो तिथे तो लहान रस्त्यावर, मोठ्याच्या कडेपासून सुमारे ५ मीटर आत घालायचा. शाळा-कॉलेज आणि दाट वस्ती याही त्याच्या जागा.

दुसरा, माप. रुंदी ३.७ मीटर, मध्ये उंची १० सेंटीमीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. हे माप ताशी २५ किलोमीटरसाठी आहे. ट्रक आणि बस जास्त असतील तिथे दोन्ही कडांना आणखी दीड मीटरचा हलका उतार जोडावा.

तिसरा, सूचना. ब्रेकरच्या ४० मीटर आधी फलक. ब्रेकरवर काळे-पांढरे पट्टे, रात्री चमकणारे.

चौथा, एका ओळीत घालायचे असतील तर दोहोंत १०० ते १२० मीटर अंतर.

पाचवा, पुलावर किंवा अवघड वळणावर घालू नये.

‘१७ मीटर त्रिज्या’ ऐकून गवंडी घाबरेल. पण घाबरायचे कारण नाही. चार मीटरची सरळ फळी किंवा पाइप आणि टेप एवढ्यावर काम होते. कडेपासून अर्ध्या मीटरवर उंची पावणेपाच सेंटीमीटर, एक मीटरवर आठ, दीड मीटरवर पावणेदहाला थोडी कमी आणि मध्ये दहा. तिथून पलीकडे तसेच उतरत जायचे. या मापाचा लाकडी साचा एकदा गावच्या सुताराकडून करून घेतला की पंचक्रोशीतले सगळे ब्रेकर त्याने तपासता येतील. ठेकेदाराने काम केले, त्यावर साचा ठेवला, खालून उजेड दिसला की बिल थांबवले. यापेक्षा सोपी तपासणी कुठली?

खर्च वाढतो, हे खरे

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गाव बंप घालते ते काही हौसेने नाही. अर्ज केला तर महिनोन्‌महिने उत्तर येत नाही. तोवर आणखी एक अपघात होतो. मग पोरं रात्रीतून चार पोती सिमेंट आणतात आणि मोकळी होतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण कार्यालयाने वेळेवर हंप दिला असता तर पोरांनी बंप घातला नसता, हेही तितकेच खरे.

शिवाय हंपला माल जास्त लागतो. हिशेब करून पाहा. ३.७५ मीटर रुंदीच्या एकेरी रस्त्यावर मापाचा हंप घालायला सुमारे ०.९ घनमीटर माल लागतो, म्हणजे आपल्या भाषेत ब्रासचा तिसरा हिस्सा. हातभर रुंद आणि पाच इंच उंच बंपला त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच माल पुरतो. तो गावच्या घमेल्यांनी होतो, हंपला रोलर आणि ठेकेदार लागतो. पण ब्रासचा तिसरा हिस्सा ही काही जिल्हा परिषदेला किंवा बांधकाम खात्याला न पेलणारी गोष्ट नाही. रस्त्याच्या डांबरीकरणाचे काम चालू असते तेव्हा रोलर, डांबर, माणसे सगळे जागेवरच असते. त्याच अंदाजपत्रकात हंप, फलक आणि रंग धरून घेतला तर वेगळी धावपळ करावी लागत नाही. सरपंचांनी मागणी करायची वेळ तीच. रस्ता पूर्ण झाल्यावर केलेला अर्ज म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला ताशा.

काही ठिकाणी रबर-प्लॅस्टिकचे काळे-पिवळे पट्टे खिळ्यांनी ठोकतात. तेही अरुंदच, म्हणजे बंपच. उसाच्या ट्रॉल्यांखाली ते फार दिवस टिकत नाहीत. पट्टा निघून जातो, खिळे मागे राहतात आणि पंक्चरवाल्याचा धंदा वाढतो.

पाण्याचाही विचार हवा. आपल्या पश्चिम पट्ट्यात पाऊस किती पडतो हे सांगायला नको. आडवा उंचवटा म्हणजे रस्त्यावर घातलेला बांधच. त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबले की डांबर उखडते आणि ब्रेकरच्या आधी खड्डा तयार होतो. म्हणून दोन्ही कडांना गटाराकडे पाणी जायला वाट ठेवावी. पण ती वाट एवढी मोठीही नको की मोटारसायकलवाले ब्रेकर चुकवून तिथूनच, म्हणजे नेमके पायी चालणाऱ्यांच्या अंगावरून जातील.

महामार्गावर ब्रेकर मागू नका

आपल्या दोन्ही तालुक्यांतून पुणे-नाशिक राष्ट्रीय महामार्ग जातो, क्रमांक ६०. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा ही गावे त्याच्यावर वाढली. माळशेज घाटातून ओतूर, आळेफाटामार्गे अहिल्यानगरकडे जाणारा क्रमांक ६१ हाही राष्ट्रीय महामार्गच. या रस्त्यांवर अपघात झाला की तिथेही ब्रेकरची मागणी होते. ती मात्र सोडून द्यावी.

एक तर केंद्रीय मंत्रालयाने एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरचे ब्रेकर काढून टाकण्याचे आदेश दिले. दुसरे म्हणजे तिथला धोकाच वेगळा आहे. १७ जानेवारी २०२५ रोजी नारायणगावजवळ महामार्गावर टेंपोने प्रवासी व्हॅनला मागून धडक दिली, व्हॅन उभ्या एसटीवर आदळली आणि ९ जणांचा जीव गेला. भरधाव वाहतुकीत एखादे वाहन उभे असणे किंवा अचानक मंदावणे, यातूनच तिथे घात होतो. ब्रेकर घातला की अशी मंदावलेली वाहने आपणच मध्ये उभी करतो. पुढचा ब्रेक लावतो, मागचा येऊन आदळतो. मागे दिवा-रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली पुढे असेल तर विचारूच नका.

महामार्गावर मागायचे ते वेगळे. पायी आणि जनावरे घेऊन पलीकडे जायला भुयारी रस्ता, शेजारून सेवा रस्ता, चौकात दिवे, एसटी थांबायला रस्त्याबाहेर जागा. आणि गावरस्ता महामार्गाला मिळतो तिथे गावरस्त्यावर हंप. आपला ट्रॅक्टर, आपली मोटारसायकल महामार्गावर एकदम घुसू नये एवढे आपल्या हातात आहे.

बाह्यवळण झाले तिथे गावातून जाणारा जुना रस्ता ‘आता आपलाच’ असे आपण धरून चालतो. तो कागदावर कुणाकडे आहे ते आधी विचारून घ्यावे. जी यंत्रणा रस्त्याची मालक, तिच्याकडेच मागणी चालते.

एकट्या ब्रेकरने भागत नाही

हंप घातला म्हणजे सगळे झाले असेही नाही. एका हंपवर गाडी २५ वर येते आणि पन्नास पावलांवर पुन्हा ५० वर जाते. वस्ती लांबलचक असेल तर एक उंच ब्रेकर घालून उपयोग नाही. ठरलेल्या अंतराने दोन-तीन मापाचे हंप घातले तरच मधला वेगही खाली राहतो. शाळेसमोर तर हंपच सपाट माथ्याचा आणि रुंद करून त्यावर झेब्रा पट्टे मारता येतात. पोरं उंचावरून रस्ता ओलांडतात, लांबून दिसतात आणि गाडीही हळू होते. २०१८ च्या मार्गदर्शिकेत असे उंच पादचारी पट्टेही आहेत.

जिथे नुसते सावध करायचे आहे, म्हणजे वळणाआधी किंवा मोठ्या चौकाआधी, तिथे दोन-तीन सेंटीमीटर उंचीच्या बारीक पट्ट्यांची ओळ पुरते. त्यावरून चाक गेले की खडखड होते आणि डुलकी लागलेला ड्रायव्हर जागा होतो. मात्र ती घरांना आणि दवाखान्याला चिकटून नको. रात्रभर त्या खडखडीने झोप लागत नाही, अशी तक्रार मग होणारच.

भीमाशंकरच्या रस्त्यावर पावसाळ्यात धुके उतरते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला बाहेरगावच्या गाड्या येतात. आपल्या गावचा ड्रायव्हर प्रत्येक ब्रेकर तोंडपाठ ओळखतो. परगावचा ओळखत नाही. ब्रेकर परक्याला कळला पाहिजे, तोही रात्री, तोही पावसात. फलक आणि रंग नसलेला ब्रेकर कितीही मापाचा असला तरी तो सापळाच. तेव्हा पाऊस उघडल्यावर, कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, गावातल्या प्रत्येक ब्रेकरला रंगाचा हात मारायचा असा नेम ग्रामपंचायतीने धरावा. एवढे काम ग्रामनिधीतून होऊ शकते.

ठरावात काय लिहावे

१ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या ग्रामसभांना ब्रेकरचा विषय निघतोच. ‘गावात ब्रेकर बसवावेत’ एवढ्याच ओळीचा ठराव गेला की तो फायलीत पडतो, नाहीतर ठेकेदार त्याला वाटेल तसा वरंबा टाकून जातो. त्याऐवजी ठराव असा करावा.

आधी रस्त्याचा दर्जा आणि मालक लिहावा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. जुन्नरात नगरपरिषद आहे, मंचरला नगरपंचायत. चुकीच्या कार्यालयात गेलेला ठराव चुकीच्या दारात टाकलेल्या लग्नपत्रिकेसारखा असतो.

मग नेमकी जागा लिहावी आणि कारण लिहावे. शाळेचे फाटक, डेअरीचा चौक, आधी झालेल्या अपघातांच्या तारखा. पोलीस ठाण्यातली नोंद जोडली तर वजन वाढते.

मग माप लिहावे, ‘रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, आधी ४० मीटरवर फलक, रात्री चमकणारे पट्टे, कडेला पाण्याची वाट’. माप कागदावर आले की कामही मापात करून घेता येते.

आणि शेवटी जुन्या बंपांबद्दल लिहावे. हे सर्वांत अवघड. आपणच घातलेला वरंबा आपणच काढा म्हणणे गावाला पटत नाही. म्हणून ‘काढा’ म्हणू नये, ‘मापाचा करून द्या’ म्हणावे. जुना फोडण्याआधी नवा मंजूर झालेला हवा, नाहीतर मधल्या काळात पोराबाळांचा वाली कोण?

अधिकाऱ्यांसाठीही एक गोष्ट. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९८ अ हे कलम आले. रस्त्याची जबाबदारी असलेली यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांनी ठरलेले सुरक्षा मानक पाळले नाही आणि त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आले तर एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ‘ब्रेकर गावाने घातला, आमचा संबंध नाही’ हे उत्तर इथून पुढे पुरणार नाही. आपल्या ताब्यातल्या रस्त्यावर बेमापाचा वरंबा वर्षानुवर्षे दिसतो आहे आणि खात्याने तो ना मापात आणला ना रंगवला, तर जाब खात्यालाच द्यावा लागेल.

उपअभियंत्यांनी एक दिवस काढून आपल्या हद्दीतले ब्रेकर टेपने मोजावेत. कुठला मापात, कुठला नाही, कुठे मुळात गरजच नाही, याची यादी पंचायत समितीच्या फलकावर लावावी. शाळा आणि दवाखान्याच्या रस्त्यांपासून सुरुवात करावी. गावांनीही तोवर वाट न पाहता आपापल्या ग्रामसभेत टेप घेऊन बसावे. गाडी उभी करायला उंची वाढवत गेलो तर उभी राहते ती आपलीच ट्रॉली आणि पडते ती आपल्याच घरची बाई. ठरावाच्या कागदावर म्हणून ‘उंच’ हा शब्द खोडावा आणि तिथे ‘रुंद’ लिहावा.